ध्वनीचा स्पर्श : बलसंवेदी आयनमार्ग आणि भाषेचे श्रवण

१. विषयप्रवेश

वर्णांच्या उच्चाराचा जितका सूक्ष्म विचार भारतीय परंपरेत झाला, तितका त्यांच्या श्रवणाचा झाला नाही. प्रातिशाख्यांनी व शिक्षाग्रंथांनी स्थान, करण व प्रयत्न यांच्या आधारे प्रत्येक वर्णाची उत्पत्ती सांगितली. जिव्हेचा कोणता भाग कोठे लागतो, श्वास केव्हा अडतो व केव्हा सुटतो, कंठ संवृत असतो की विवृत, याचे त्यांनी केलेले वर्णन आजच्या ध्वनिशास्त्रालाही मार्गदर्शक वाटते. कानाचा विचार मात्र तत्त्वज्ञांच्या हाती गेला. न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णशष्कुलीने मर्यादित झालेले आकाशच होय, असे प्रतिपादन केले. दूर उत्पन्न झालेला शब्द पाण्यावरील तरंगांप्रमाणे, किंवा कदंबाच्या कळ्या जशा सर्व बाजूंनी एकदम फुटतात त्याप्रमाणे, शब्दामागून शब्द निर्माण करीत कानापर्यंत येतो, असे त्यांनी मानले होते. परंतु कान स्वतःच आकाशरूप ठरल्यामुळे, तेथे पोचलेल्या शब्दाचे शरीरात पुढे कशात रूपांतर होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे त्या स्वरूपात उभा राहिला नाही.

आधुनिक भाषाविज्ञानानेही या बाबतीत फारसे वेगळे केले नाही. फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात वक्ता व श्रोता यांच्यामधील वाक्-व्यापाराचे वर्तुळ प्रसिद्धच आहे. त्यात कानापासून मेंदूपर्यंतचा प्रवास शारीरिक व्यापार म्हणून नोंदविलेला आहे आणि विवेचन तेथून पुढे जाते. भाषेच्या संरचनेचा विचार करणाऱ्यास हे पुरेसे होते. तथापि त्या एका रेषेत एक मूलभूत अडचण दडलेली आहे. कानापर्यंत येतो तो हवेचा दाब, म्हणजे निव्वळ यांत्रिक बल. मज्जातंतूतून मेंदूकडे जातो तो विद्युत्-संकेत. या दोहोंचा सांधा कोठे व कसा जुळतो?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या अर्धशतकात क्रमाक्रमाने मिळाले आहे. हा सांधा म्हणजे पेशीच्या आवरणातील, ताण पडताच उघडणारी अतिसूक्ष्म द्वारे होत. त्यांना बलसंवेदी आयनमार्ग असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात त्यांचे कार्य स्पष्ट करून दोन गोष्टी दाखविण्याचा हेतू आहे. एक अशी की, वर्णावर्णांतील भेद ज्या कालसूक्ष्मतेवर उभे आहेत ती सूक्ष्मता या द्वारांच्या सरळ, मध्यस्थविरहित कार्यामुळेच शक्य झाली आहे. दुसरी अशी की, त्याच सरळपणामुळे हे इंद्रिय असामान्य नाजूक झाले आहे, आणि त्याचा नाश होऊ लागला की प्रथम नष्ट होतो तो आवाज नव्हे, तर व्यंजन.

२. पेशीचे आवरण आणि त्यातील द्वारे

प्रत्येक सजीव पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे, सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे आवरण असते. (१ मिलिमीटरचा दशलक्षांश म्हणजे १ नॅनोमीटर.) पाण्यात विरघळलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींचे विद्युत्-भारित कण, म्हणजेच आयन, या स्निग्ध थरातून आपोआप आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्या येण्याजाण्यासाठी आवरणात प्रथिनांचे मार्ग बसविलेले असतात, आणि हे मार्ग बहुधा बंद असतात. आत व बाहेर आयनांचे प्रमाण भिन्न असल्याने आवरणाच्या दोन बाजूंमध्ये विद्युत्-दाबाचा फरक टिकून राहतो. मार्ग उघडला की आयन वेगाने वाहू लागतात आणि हा फरक बदलतो. पेशीच्या भाषेत हाच संकेत होय.

मार्ग कशाने उघडतो, यावरून त्यांचे प्रकार पडतात. काही मार्ग विद्युत्-दाब बदलल्यावर उघडतात. काही विशिष्ट रासायनिक द्रव्य येऊन चिकटल्यावर उघडतात. आणि काही केवळ ओढल्याने वा ताणल्याने उघडतात. या तिसऱ्या प्रकाराचा पुरावा सर्वांत उशिरा मिळाला. १९७६ साली एर्विन नेहेर व बेर्ट साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पेशीच्या आवरणावर टेकवून एकेका मार्गातून वाहणारा प्रवाह मोजण्याची पद्धत सिद्ध केली. या कार्याबद्दल त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हीच नळी हाती आल्यावर एक साधा प्रयोग शक्य झाला : नळीतून हलकेच हवा ओढावी, आवरणाचा तेवढा तुकडा ताणावा, आणि प्रवाह सुरू होतो का ते पाहावे. १९८४ साली गुहराय व सॅक्स यांनी कोंबडीच्या पिलाच्या स्नायुपेशींवर हे करून पाहिले, आणि ताणाबरोबर उघडणारे मार्ग प्रत्यक्ष दिसून आले.

३. सर्वांत साधे उदाहरण

या यंत्रणेचे सर्वांत साधे रूप एकपेशीय जीवाणूंत आढळते. आतड्यात राहणारा एश्चेरिचिया कोलाय हा जीवाणू खारट द्रवातून एकाएकी गोड्या पाण्यात पडला की पाणी वेगाने त्याच्या आत शिरू लागते. आवरण फुगते, ताणले जाते, आणि काहीच न घडले तर ते फुटते. अशा वेळी आवरणातील विशिष्ट मार्ग उघडून आतील विरघळलेली द्रव्ये बाहेर सोडतात आणि दाब उतरतो. १९८७ साली मार्टिनाक, कुंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवाणूंत ताणाने उघडणारे मार्ग नोंदविले. १९९४ साली त्यांपैकी मोठ्या मार्गाचे प्रथिन व त्याचे जनुक निश्चित झाले. १९९९ साली असे दाखविण्यात आले की, मोठा व छोटा असे दोन्ही मार्ग काढून टाकलेले जीवाणू पाण्याच्या अशा आकस्मिक बदलात तग धरू शकत नाहीत.

मोठ्या मार्गाची रचना १९९८ साली क्षयाच्या जीवाणूपासून मिळविलेल्या प्रथिनावरून उलगडली. पाच सारखे घटक वर्तुळात उभे असून आवरण ताणले गेले की ते तिरपे होऊन एकमेकांपासून दूर सरतात. कॅमेऱ्यातील प्रकाशाचे छिद्र जसे चहूबाजूंनी रुंदावते तसे मधले छिद्र रुंदावून सुमारे ३ नॅनोमीटरांचे होते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या व्यापारात कोणीही निरोप्या नाही. ताण हाच निरोप, आणि ताण हीच किल्ली.

४. कानातील रचना

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वळलेली, उलगडल्यास सुमारे ३५ मिलिमीटर भरेल अशी एक नलिका असते. तिला कर्णशंबूक म्हणतात. कर्णपटलावर आदळलेले हवेचे कंप तीन लहान अस्थींच्या साखळीतून या नलिकेतील द्रवात उतरतात आणि तिच्या लांबीभर पसरलेल्या तलपटलावर लाट उठवितात. ही लाट उच्च कंपनसंख्येच्या ध्वनीसाठी नलिकेच्या तोंडाशी, तर नीच कंपनसंख्येच्या ध्वनीसाठी तिच्या टोकाशी सर्वाधिक उंच होते. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत शरीरांच्या कानांत ही लाट प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सारांश, कर्णशंबूक हा ध्वनीचे पृथक्करण करणारा पट आहे : प्रत्येक स्वराला त्यावर आपले स्थान आहे.

तलपटलावर रोमपेशींच्या रांगा असतात. मनुष्याच्या एका कानात आतील रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरील तीन रांगांत सुमारे १२,००० रोमपेशी असतात. मेंदूकडे वार्ता नेण्याचे काम मुख्यतः आतील पेशी करतात. बाहेरील पेशी विद्युत्-दाब बदलताच स्वतः लांबतात व आखडतात आणि क्षीण कंपांना बळ देतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर ताठ रोमांचा जुडगा असतो, आणि हे रोम जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उंचीच्या चढत्या क्रमाने उभे असतात. तलपटल हलले की हा जुडगा उंच रोमांच्या बाजूस किंवा उलट बाजूस कलतो. अगदी क्षीण ध्वनीच्या वेळी हे कलणे एका नॅनोमीटरहूनही कमी असते.

१९८४ साली पिकल्स, कॉमिस व ऑस्बॉर्न यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. प्रत्येक ठेंगण्या रोमाच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच रोमाच्या अंगापर्यंत एक तंतू गेलेला असतो. त्याची लांबी सुमारे १५० नॅनोमीटर असते. यास अग्रतंतू म्हणता येईल. जुडगा उंच बाजूस कलला की रोम एकमेकांवरून सरकतात आणि तंतू ताणला जातो. उलट कलला की तो सैल पडतो. दाराच्या कडीला बांधलेली दोरी ओढावी आणि दार उघडावे, तशी ही व्यवस्था आहे. २००९ साली असेही दिसून आले की, हे द्वार तंतूच्या खालच्या टोकाशी, म्हणजे ठेंगण्या रोमाच्या शेंड्यावर असते.

द्वार उघडल्यावर जे वाहते त्याचे बळ मात्र ध्वनीचे नसते. रोमांभोवतालच्या द्रवात पोटॅशियमचे प्रमाण असाधारण अधिक असते आणि त्या द्रवाचा विद्युत्-दाब सुमारे ८० मिलिव्होल्ट इतका धन असतो. पेशीच्या आतील बाजू ऋण असते. या फरकामुळे पोटॅशियम व कॅल्शियमचे आयन जणू दरवाजाबाहेर दाटीने उभेच असतात. धरणाचा दरवाजा उचलणाऱ्या माणसाचे बळ आणि त्यातून धावणाऱ्या पाण्याचे बळ यांत जो भेद, तोच येथे आहे. ध्वनी फक्त दरवाजा उचलतो. म्हणूनच इतक्या क्षीण हालचालीतून मेंदूपर्यंत पोचणारा संकेत निर्माण होऊ शकतो.

५. ओढीनेच द्वार उघडते याची प्रमाणे

द्वार प्रत्यक्ष ओढीने उघडते, मध्ये रासायनिक प्रक्रिया नसते, हे विधान सहज स्वीकारण्यासारखे नव्हते. कारण डोळ्यात तसे घडत नाही. तेथे प्रकाशाचा कण शोषल्यावर एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि अखेरीस आयनमार्गावर परिणाम होतो. नाकातही अशीच साखळी आहे. मग कानच अपवाद का मानावा? यासाठी तीन स्वतंत्र प्रमाणे पुढे आली.

पहिले प्रमाण वेगाचे. १९७९ साली डेव्हिड कोरी व जेम्स हडस्पेथ यांनी मोठ्या बेडकाच्या अंतर्कर्णातील रोमपेशी घेऊन जुडगा एकाएकी हलविला आणि प्रवाह सुरू होण्यास किती वेळ लागतो हे मोजले. हा काळ साधारण खोलीच्या तपमानास सुमारे ४० मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पंचवीस-हजारावा भाग, भरला. एवढ्या अवधीत रासायनिक साखळी पूर्ण होणे संभवत नाही. तेव्हा बल व द्वार यांचा संबंध सरळ असला पाहिजे, आणि द्वाराला एखादी स्प्रिंग जोडलेली असली पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, अग्रतंतू दिसण्यापूर्वीच हा तर्क मांडला गेला होता.

दुसरे प्रमाण मृदुतेचे. स्प्रिंगला जोडलेले दार उघडले तर त्या क्षणी स्प्रिंग किंचित सैल पडणारच. मग जुडगा ढकलणाऱ्या सुईला, द्वारे उघडण्याच्या नेमक्या टप्प्यावर, जुडग्याचा विरोध कमी झालेला जाणवला पाहिजे. १९८८ साली हॉवर्ड व हडस्पेथ यांनी हे मोजले आणि विरोध खरोखरच त्या टप्प्यावर कमी होतो असे आढळले. द्वाराचे उघडणे जणू बाहेरून हाताला कळावे, असा हा प्रयोग आहे.

तिसरे प्रमाण छेदाचे. अग्रतंतू टिकून राहण्यास कॅल्शियम लागते. १९९१ साली अ‍ॅसाड, शेफर्ड व कोरी यांनी भोवतालच्या द्रवातील कॅल्शियम काढून घेतले. तंतू तुटले आणि प्रवाहाचा प्रतिसाद थांबला, जरी रोम व पेशी जागच्या जागी होत्या. पुढे १९९६ साली कोंबडीच्या पिलाच्या रोमपेशींत असे आढळले की, तुटलेले तंतू सुमारे एका दिवसात पुन्हा जुळतात आणि त्यांच्याबरोबर प्रतिसादही परत येतो. अन्वय आणि व्यतिरेक या दोन्ही अंगांनी संबंध सिद्ध झाला : तंतू असता श्रवणक्रिया असते, तंतू नसता नसते.

६. कालसूक्ष्मता आणि वर्णभेद

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या सर्वांचे महत्त्व पुढील गोष्टीत आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे येऊन गेली की डोळ्याला हालचाल अखंड भासते. कानाला मात्र ध्वनीच्या ओघात पडलेला दोन-तीन मिलिसेकंदांचा खंडही ओळखता येतो. ध्वनी उजवीकडून आला की डावीकडून, हे ठरविताना दोन कानांमधील सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही उपयोगी पडतो. अशी अचूकता ज्या इंद्रियाच्या पहिल्याच पायरीवर रासायनिक विलंब आहे त्याला साधली नसती.

मराठीतील कडी, खडी, गडी व घडी हे चार शब्द घ्यावेत. मुखातील स्थान चौघांचेही एकच. त्यांना वेगळे करणारी गोष्ट बरीचशी काळाची आहे : जिव्हा सुटण्याचा क्षण आणि कंठातील कंप सुरू होण्याचा क्षण यांतील अंतर. ‘गडी’मध्ये कंप आधीच सुरू झालेला असतो; ‘कडी’मध्ये तो सुटण्यानंतर थोड्याच मिलिसेकंदांत सुरू होतो; ‘खडी’मध्ये त्याच्या काही पटींनी उशिरा. १९६४ साली ली लिस्कर व आर्थर एब्रॅम्सन यांनी अकरा भाषांतील स्पर्शव्यंजनांचे हे अंतर मोजले, त्यांत मराठी व हिंदी यांचाही समावेश होता. या एका मापाने बहुतेक भाषांतील भेद स्पष्ट झाले. परंतु मराठी-हिंदीतील घोष अल्पप्राण आणि घोष महाप्राण, म्हणजे ग आणि घ, केवळ त्याने वेगळे पडेनात. कारण ‘घडी’चे वैशिष्ट्य कंप केव्हा सुरू होतो यात नसून जिव्हा सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित कंपात आहे. घोष महाप्राणांत श्वास व नाद दोन्ही असतात, असे ऋक्प्रातिशाख्याने नमूद केले आहे, ते या मापनाशी जुळते.

प्रातिशाख्यकारांनी हे भेद मुखात शोधले, लिस्कर-एब्रॅम्सन यांनी ते ध्वनिलेखात मोजले. परंतु भाषेत त्यांना अर्थ आला तो श्रोत्याच्या कानाने ते टिपले म्हणून. एखाद्या भाषेने चार प्रकारचे क-वर्गीय स्पर्श राखावेत यासाठी पुढच्या पिढीतील प्रत्येक बालकाच्या कानात ते वेगळे पोचावे लागतात. काही मिलिसेकंदांचा फरक अर्थाचा फरक होऊ शकतो, कारण त्या फरकाच्या कित्येक पट वेगाने अग्रतंतू ताणला जाऊन द्वार उघडते व मिटते.

७. द्वार कोणत्या प्रथिनाचे

द्वाराचे कार्य समजले तरी ते प्रथिन कोणते, हे दीर्घकाळ अज्ञात राहिले. रोमपेशी थोड्या, आणि एका पेशीतील कार्यरत द्वारांची संख्या शे-दोनशेच्या घरातच; त्यामुळे रासायनिक पद्धतीने ते वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. मार्ग मिळाला तो वंशागत बधिरत्वाच्या अभ्यासातून. अग्रतंतूचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ या व खालचा भाग प्रोटोकॅडहेरिन-१५ या प्रथिनाचा असल्याचे २००७ साली निश्चित झाले. या दोन्हींच्या जनुकांत दोष असता बधिरत्वाबरोबर पुढे दृष्टीही मंदावत जाते, हे आधीच ठाऊक होते. कॅडहेरिन हे नाव कॅल्शियम आणि चिकटणे या अर्थाचा लॅटिन धातू यांच्या जोडीतून घडविलेले आहे, आणि कॅल्शियम काढल्यावर तंतू का तुटतो याचे उत्तर त्या नावातच आहे.

द्वाराच्या शोधात टीएमसी-१ या जनुकाचे नाव २००२ साली पुढे आले. त्यासाठी ज्या बधिर व्यक्तींच्या कुटुंबांचा अभ्यास झाला त्यांत भारतातील व पाकिस्तानातील कुटुंबे होती. याच जनुकात दोष असलेल्या व हळूहळू बहिऱ्या होत जाणाऱ्या उंदरांच्या एका वाणाला बीथोव्हेन असे नाव देण्यात आले. २०१८ साली या प्रथिनातील एकेक घटक बदलून द्वारातून वाहणारा प्रवाह त्याप्रमाणे बदलतो, असे दाखविण्यात आले. त्यामुळे द्वाराचे छिद्र याच प्रथिनाचे आहे, हे मत दृढ झाले.

दरम्यान स्पर्शाचे द्वारही सापडले होते. अमेरिकेतील बर्ट्रांड कोस्त व आर्डेम पॅटापुटियन यांनी काचेच्या सुईने टोचताच विद्युत्-प्रतिसाद देणाऱ्या पेशी निवडल्या आणि संशयित जनुके एकेक करून निष्क्रिय केली. यादीतील बहात्तराव्या जनुकाला निष्क्रिय करताच प्रतिसाद नाहीसा झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रथिनाला, दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, पिएझो हे नाव मिळाले. तीन पात्यांच्या पंख्यासारखे हे प्रथिन आवरणात वाटीप्रमाणे खोलगट बसते आणि ताण आला की सपाट होते. त्याचा दुसरा प्रकार ज्यांच्यात जन्मतः निकामी आहे अशा व्यक्तींना, डोळे मिटले असता आपला हात कोठे आहे हे सांगता येत नाही. पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्यूलियस यांच्यासमवेत मिळाले. कानातील द्वार आणि त्वचेतील द्वार ही प्रथिने भिन्न आहेत, परंतु तत्त्व एकच आहे. या अर्थाने श्रवण हा हवेच्या माध्यमातून होणारा स्पर्शच होय.

८. द्वारांचा नाश आणि व्यंजनांचा लोप

जे द्वार इतके उघडे व सरळ आहे ते घातक वस्तूंनाही आत घेते. १९४३ साली शोध लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगाच्या उपचारात क्रांती केली. परंतु त्याने काही रुग्णांचा तोल जातो व काहींचे ऐकणे जाते, हेही लवकरच दिसून आले. त्याच वर्गातील कॅनामायसिन व अमिकासिन यांचा आघात विशेषतः श्रवणावर होतो. या औषधांचे रेणू धन भाराचे असतात. रोमपेशीचे द्वार उघडले की तोच विद्युत्-दाब त्यांना आत ओढतो, आणि परत बाहेर पडणे त्यांना कठीण जाते. ती आत साचत जातात व पेशी मरते. काही कुटुंबांत मातेकडून आलेल्या एका जनुकीय भेदामुळे अल्प मात्राही घातक ठरते. म्हणून अशा औषधापूर्वी आईकडील नात्यात औषधाने बहिरेपण आल्याचे उदाहरण असल्यास ते वैद्यास सांगणे अगत्याचे आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात कॅनामायसिन वापरू नये असे सुचवून तोंडावाटे घेण्याच्या औषधांना अग्रक्रम दिला. त्यामागे हानीचा हा विचार महत्त्वाचा होता.

मोठा आवाज दुसऱ्या प्रकारे घात करतो. अतिरिक्त ताणाने तंतू तुटतात, रोम मोडतात, आणि आघात दीर्घकाळ चालला तर पेशी मरतात. पक्ष्यांत मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे १९८८ साली सिद्ध झाले. मनुष्यात मात्र तसे घडत नाही. जन्मतः मिळालेल्या सुमारे सोळा हजार पेशींवर आयुष्य काढावयाचे असते.

औषध असो, गोंगाट असो वा वार्धक्य असो, नाशाचा आरंभ बहुधा कर्णशंबूकाच्या तोंडाकडील भागापासून, म्हणजे उच्च कंपनसंख्येच्या बाजूने होतो. याचा भाषेवर होणारा परिणाम विशिष्ट प्रकारचा आहे. स्वरांचे बळ मुख्यतः नीच व मध्यम कंपनसंख्यांत असते; ते टिकून राहतात. व्यंजनांना ओळख देणारे घर्षण व स्फोट मात्र उच्च भागात असतात. स-काराचा जोर सेकंदाला ४,००० कंपनांच्या वर असतो, श-काराचा त्याहून खालच्या पट्टीत सुरू होतो. वरचा भाग गेला की ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील अंतर पुसट होते, आणि ‘कडी’ व ‘खडी’ यांमधील श्वासाची फुंकर विरून जाते.

घरोघरी वृद्धांच्या बाबतीत ऐकू येणारी एक तक्रार यावरून स्पष्ट होते. आजोबांना हाक ऐकू येते, पण बोलणे समजत नाही, मोठ्याने बोलले की ते म्हणतात, “ओरडू नका, नीट बोला.” घरातील माणसांना हा लहरीपणा वाटतो. वस्तुतः ते अगदी अचूक निदान असते. स्वर पोचत असतात, व्यंजने पोचत नसतात. आणि आवाज चढविल्याने मुख्यतः स्वरच मोठे होतात. आजोबांच्या समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश व व्यंजने स्पष्ट उच्चारीत बोलणे, हाच त्यावरील पहिला उपाय होय.

श्रवणयंत्र उरलेल्या पेशींना साहाय्य करते, पण मेलेल्या पेशीचे द्वार ते उघडू शकत नाही. जेथे रोमपेशीच उरलेल्या नाहीत तेथे कर्णशंबूकात विद्युत्-अग्रे बसवून मज्जातंतूला सरळ चेतना देतात. अशा यंत्रात विद्युत्-अग्रे फार तर वीस-बावीस असतात. साडेतीन हजार पेशींचे काम त्यांच्यावर सोपविलेले असते. तरीही त्या आधारावर अनेक बधिर बालके भाषा शिकतात. २०२४ साली चीनमधील संशोधकांनी ओटोफर्लिन या प्रथिनाचा जन्मजात दोष असलेल्या बालकांना योग्य जनुक देऊन त्यांपैकी बहुतेकांना श्रवण मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्या बालकांच्या रोमपेशी जिवंत होत्या आणि द्वारापुढील पायरी तेवढी अडलेली होती, हे येथे विसरता कामा नये.

९. उपसंहार

जीवाणूच्या आवरणापासून मनुष्याच्या कानापर्यंत एकच तत्त्व दिसून येते : ताण पडावा आणि द्वार उघडावे. जीवाणूत ते जीव वाचविते. रोमपेशीत तेच तत्त्व तंतू व द्वार यांच्या जोडीने इतके सूक्ष्म व शीघ्र झाले की त्यावर वर्णमाला उभी राहू शकली. उच्चारशास्त्राने स्थान व प्रयत्न यांचे जे कोष्टक दिले त्याला श्रवणाच्या बाजूचे असे प्रतिरूप आहे.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जिव्हा, तालू व कंठ यांची आकृती पहिल्याच वर्षी काढावी लागते. तिच्या शेजारी रोमांच्या जिन्याची आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूची आकृतीही असणे युक्त ठरेल. वर्णाची उत्पत्ती मुखात होते हे खरे. परंतु तो वर्ण म्हणून टिकतो की नाही, याचा निर्णय ऐकणाऱ्याच्या कानातील, पुन्हा न उगवणाऱ्या या सोळा हजार पेशींवर अवलंबून असतो.